घरात ओळ नसते

नवरा "छान आहे" म्हणाला, बूट घातले आणि कामाला निघून गेला. मी त्याचा कप उचलला तर तो अर्धा भरलेला. आता ही काही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नव्हे. अर्धे कप जगात पुष्कळ राहतात. कुणाची बस सुटत असते, कुणाचा फोन वाजतो, कुणाचं सकाळी सकाळीच वाजतं. पण माझ्या नवऱ्याला घाई नव्हती. समोरच्या इमारतीला रंग लागतोय, तिथला रंगारी कमरेला दोर कसा बांधतो ते तो खिडकीशी उभा राहून सावकाश बघत होता, आणि बघता बघताच त्यानं कप ओट्यावर ठेवून दिला होता. हा माणूस कप खाली ठेवतो तो तळ दिसल्यावरच. शेवटच्या घोटाला मान मागे टाकतो, तेव्हा हनुवटीखाली दाढी करताना हटकून राहून जाणारी एक जागा दिसते. रोज दिसते, आणि रोज मी ती सांगायची विसरते. आज ती दिसली नव्हती. मग आठवलं की कालही दिसली नव्हती. परवाचं आठवेना. कप ओट्यावर तसाच होता, वर साय धरू पाहत होती, आणि मी नळ न सोडता त्याच्याकडे बघत राहिले.

कारण तो चहा माझा होता. म्हणजे केलेला तर मी होताच, पण घडवलेलाही मीच. मी चहा चाखते. पोटासाठी तेच करते. एका जुन्या चहा कंपनीत चाखणी विभागाची प्रमुख आहे, आणि माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय तिथून एक पुडा बाहेर पडत नाही. लहानपणी बशीतून आवाज करत प्यायले की आई पाठीत धपाटा घालायची. पुढे त्याच आवाजाचा मला पगार मिळायला लागला. चाखणाऱ्याला घोट आवाज करतच ओढावा लागतो. त्याबरोबर हवा आत जाते, चहा टाळूवर आणि जिभेच्या कडांवर उडतो, कळायचं ते तेवढ्यात कळतं, मग पिकदाणीत थुंकायचं आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. मला उगाच विनय जमत नाही. या कामात मी चांगली आहे. पत्ती कुठल्या उतारावरची, कोरड्या दिवसांतली की ओल्या, भट्टीत जरा जास्त राहिली का, हे मी डोळे मिटून सांगते, आणि चुकत नाही. आमच्या कंपनीचा सकाळचा साधा चहा आहे, मोठ्या मालकांनी सुरू केलेला. आम्ही त्याला 'रोजचा' म्हणतो. त्याच्या जागी यायला मी वर्षभर खपून एक नवं मिश्रण जुळवलं होतं. खालच्या मळ्यातली कसदार बारीक पत्ती, तिच्यावर डोंगरातल्या पानाचा वास, आणि घोट संपता संपता एक चमक. ती चमक साधायला मी किती पत्ती वाया घालवली ते कुणाला सांगायची सोय नाही. चाखणीत हा नवा चहा प्रत्येक वेळी पहिला आला, आणि गेले काही दिवस घरीही मी तोच करत होते. आणि आज दुपारी मला धाकट्या मालकांना एक 'हो' म्हणायचं होतं. त्या 'हो'नंतर रोजचा बंद होणार होता, नवा चालू होणार होता, आणि नव्याच्या डब्यावर माझी सही येणार होती. खाली बारीक अक्षरांत, 'चाखून पसंत.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला कळणार होतं की मी आहे. मला ते हवं होतं. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते, तिच्यावर मी बोटानं सही करून पाहिली होती, एकदा नव्हे, पुष्कळदा, आणि शेवटचा फराटा जरा ऐटीत ओढायला शिकले होते.

मी कप धुतला. घरातून निघाले तरी ते "छान आहे" कानात होतंच. माझा नवरा 'छान' कशाला म्हणतो? माझ्या बहिणीनं भरतकाम केलेली उशी दिली, तिला छान म्हणाला, आणि ती उशी त्या दिवसापासून कपाटाच्या वर आहे. शेजाऱ्यांच्या मुलीनं पेटी वाजवून दाखवली, छान. दिवाणखान्याचा पडदा मी हौसेनं भगवट पिवळा आणला, छान. आणि मग महिनाभर हा माणूस पेपर वाचायला स्वयंपाकघरात बसायचा. छान हे त्याचं दार लावून घेणं आहे, पण हळूच, समोरच्याच्या बोटाला लागू नये असं. आणि रोजच्या चहाला? मी बसथांब्यावर उभी राहून आठवायला लागले. लग्नाच्या पहिल्या सकाळपासून आठवलं. त्यानं रोजच्या चहाला कधी छान म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. त्या चहाबद्दल तो एक शब्द बोललेला मला आठवेना. चहा पिता पिता तो काय काय बोलला ते मात्र सगळं आठवत होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी काय करायचं ते आम्ही त्या चहावरच ठरवलं. घर बदलायचं की नाही यावर कडाक्याचं भांडलो तेही चहा घेऊनच, आणि भांडता भांडता त्यानं कप पुढे केला होता, मी त्यात ओतलं होतं, आणि दोघांचंही भांडण त्यासाठी थांबलं नव्हतं. बस आली. मी चढले, खिडकीची जागा मिळाली. आज का कोण जाणे, मला खिडकीबाहेरची एकही पाटी वाचता येत नव्हती.

माझा नवरा कवळ्या बनवतो. दात काढणारा डॉक्टर वेगळा. हा मागच्या खोलीत बसून साचे ओततो, घासतो, रंग जुळवतो. आमच्या घरात जीभ एकीकडे आणि दात दुसरीकडे, अशी थट्टा नातेवाइकांनी करून करून पार झिजवली आहे. त्याची माझी ओळख बाबांच्या तोंडात झाली असं म्हटलं तरी चालेल. बाबांनी पहिली कवळी दुसऱ्याच कुणाकडून करून आणली होती. काय तिचा थाट! पांढरीशुभ्र, एकसारखी, नाटकातल्या राजाला शोभेल अशी. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हसून दाखवायचे. कुणी आलं की कवळीची स्तुती आधी आणि पाणी नंतर. आणि जेवायला बसले की ती काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. खिशात कवळी आणि हिरड्यांनी चावणं, असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी मीच त्यांना हाताला धरून या माणसाकडे नेलं. त्यानं बाबांना तोंड उघडायला लावलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "काका, तुमचे खरे दात कसे होते?" बाबा ओशाळून म्हणाले, "वेडेवाकडेच होते रे." "मग तसेच करू," तो म्हणाला. त्यानं एक दात जरा तिरका बसवला, रंग पिवळट ठेवला. बाबांनी ती दुसरी कवळी तोंडात घातली, आणि त्यानंतर तिच्याबद्दल घरात कधी एक अक्षर काढलं नाही. खारे दाणे खाऊ लागले. फोनवर आरडाओरडा करू लागले. मला वाटलं, ही कवळी बाबांना आवडली नाही बहुतेक, आणि मी त्या माणसाची माफी मागायला म्हणून पुन्हा गेले. तो हसला. "बोलत नाहीत ना? मग बसली." पुढे मी माफी मागायला कितीदा गेले ते जाऊ दे. पण बसमध्ये बसून मला त्या वाक्याचा राग आला. तेव्हा ते वाक्य ऐकून मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि आज त्याच वाक्यानं माझं वर्षभराचं काम उलथून टाकलं होतं, तेही या माणसानं वाईट असा एक शब्द न काढता.

चाखणीच्या खोलीला उत्तरेकडची मोठी खिडकी आहे, ऊन थेट येत नाही, सगळं पांढरं आहे. खोलीत अत्तर लावून यायची बंदी, साबणही बिनवासाचा. मावशी माझ्या आधीपासून तिथे आहेत. पाणी उकळणं, कप मांडणं, वेळेवर पत्ती गाळणं हे सगळं त्यांचं. मी जाईपर्यंत त्यांनी लांब टेबलावर ओळ मांडून ठेवली होती. नवा, रोजचा, आणि मध्ये मध्ये बाजारातले दुसरे, म्हणजे तुलना होते. मी ओळीच्या सुरुवातीला उभी राहिले. घोट, थुंक, घोट, थुंक. बोथट. कडक पण उथळ. हा जळका. हा चांगला, पण वास नाही. रोजचा आला, बरा, गोल, काही बोलला नाही, मी पुढे सरकले. मग नवा आला आणि खरं सांगते, अंगावर रोमांच आले. इतक्या कपांनंतर जीभ थकून गेलेली असते, आणि हा आत येतो तो दिवा लावल्यासारखा. माझी नजर आपोआप मावशींकडे गेली, बघा, म्हणावं. आणि तिथेच मी थांबले. मी नव्याला पहिला नंबर देत होते तो कशासाठी? तो उठून दिसला म्हणून. कुणात उठून दिसला? या ओळीत. ओळीतल्या सगळ्यांत जो मोठ्यानं बोलेल तो इथे पहिला येतो, आणि इथे कुणालाच एका घोटापलीकडे बोलायला मिळत नाही. पण घरात ओळ नसते. घरात एकच कप असतो, तो तळापर्यंत प्यावा लागतो, उद्या पुन्हा प्यावा लागतो, परवाही, आणि तोंडात अजून झोप असते, समोर रंगारी दोर बांधत असतो. त्या वेळी ही माझी चमक दर घोटाला येऊन खांद्यावर टपली मारते, बघ ना, मी आले. एकदा बरं वाटतं. दोनदाही. अर्ध्या कपाला माणूस कप खाली ठेवतो. आणि मनानं चांगला असेल तर म्हणतो, छान आहे. आमच्या सगळ्या धंद्याची चूक माझ्या पुढ्यात पांढऱ्या कपांत मांडून ठेवलेली होती. ती मला दिसली याचा, वेडेपणा वाटेल, पण मला आनंदच झाला. माझी जीभ चुकली नव्हती. मी तिला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

धाकटे मालक आले ते हातात डबा घेऊनच. माणूस वाईट नाही. उमदा आहे, हसरा आहे, आजोबांची कंपनी बुडू नये म्हणून जिवापाड धडपडतो. त्यांनी रोजच्याचा घोट माझ्यासारखाच ओढायचा प्रयत्न केला, थोडा सदऱ्यावर घेतला, आणि म्हणाले, "बाई, याच्यात काही नाहीच हो आता. मेलाय हा."

"नव्याचा घ्या," मी म्हणाले.

त्यांनी घेतला आणि डोळे मिटले. "हे! याला म्हणतात चहा. काय केलंत तुम्ही हे!"

"तुम्ही घरी सकाळी कुठला घेता?"

"मी?" ते जरा घुटमळले. "मी कॉफी घेतो."

मावशींना खोकला आला. मीही हसू दाबायला खिडकीकडे बघितलं. मग मी म्हणाले, "साहेब, मला आज एक शंका आली आहे. माझा नवरा काल याला छान म्हणाला. आजही म्हणाला."

"मग झालं तर!"

"तीच तर शंका आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रात्रभर झोप नसलेल्या माणसाकडे बघावं तसे. मग त्यांनी तो डबा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "हा बघा. छापखान्यातून नमुना आलाय. दुपारी त्यांना कळवायचंय, मशीन थांबवून ठेवलंय त्यांनी. जेवून घ्या, शांतपणे विचार करा आणि वर या. पण सही मात्र, बाई, फार देखणी आली आहे." आणि ते गेले.

देखणी आली होतीच. गडद हिरव्या डब्यावर सोनेरी, तिरकी, आणि शेवटचा फराटा मी आरशावर ओढायची तसाच. मी डबा हातात घेऊन खुर्चीत बसले. मावशी जेवायला गेल्या होत्या. त्या जाता जाता माझ्याशेजारी चहादाणी आणि दूध ठेवून जातात, तशी आजही ठेवली होती, आणि मी काहीतरी कपात ओतून घेतलं. डोक्यात माझा मोठा भाऊ होता. कुणी विचारलं की तो सांगतो, "धाकटी ना? ती चहाच्या कंपनीत असते, चहाचं बघते." आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मला ट्रे दिसतो. त्याला वाटतं की मी तिथे साहेब लोकांना चहा देते, आणि भाऊ दुरुस्त करत नाही, कारण त्यालाही नीट माहीत नाही मी काय करते. कितीदा समजावलं. एकदा समारंभात त्याच्या व्याह्यांनी मला सरळ विचारलं, मग तुमच्याकडे रोज किती माणसांचा चहा करावा लागतो हो? हा डबा मी भावाच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवणार होते. काही न बोलता. फळीवर, पुढच्या बाजूला, सही बाहेर करून. ते चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्या फळीवरचा मिठाचा डबा कुठे सरकवायचा तेही माझं ठरलेलं होतं. मग लोक हा डबा विकत घेतील. पहिल्या सकाळी म्हणतील, अरे वा. बायको नवऱ्याला सही दाखवेल. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी अर्धा कप ओतून देईल आणि स्वतःलाच म्हणेल, आज भूक नाही वाटतं. त्याला कळणारही नाही काय झालं ते. तो चहाला दोष देणार नाही, चहा छानच आहे. आणि एक दिवस दुकानात त्याचा हात शेजारच्या दुसऱ्या पुड्याकडे जाईल. भाऊ मला फोन करून सांगेल का, की डबा संपला, दुसरा आणला नाही? नाही सांगणार. छान होता म्हणेल. मला अचानक त्या सगळ्या स्वयंपाकघरांतून उठून जावंसं वाटलं, जिथे मी सही घेऊन उभी होते आणि लोक माझ्यामुळे नीट गप्पा मारू शकत नव्हते. मी आतून चिडले होते, कुणावर ते कळेना, आणि त्याच वेळी मला माझं उत्तर इतकं स्वच्छ माहीत होतं की ती चीड उगाच घरभर फिरणाऱ्या माशीसारखी वाटत होती. उघडायची ती खिडकी कुठली ते मला ठाऊक होतं. फक्त उठवत नव्हतं.

"द्या तो कप," मावशी म्हणाल्या. त्या केव्हा परत आल्या मला कळलं नव्हतं. त्यांनी कप हातात घेतला, आत बघितलं, मग पिकदाणीत बघितलं. ती कोरडी होती. "प्यायलात की काय?"

"हो वाटतं."

"अख्खा? या खोलीत?" त्यांनी चहादाणीचं झाकण उचलून वास घेतला. "रोजचा होता हा. कसा होता?"

मी जीभ टाळूवर फिरवून पाहिली. कुठल्याही कपाबद्दल मला विचारा, मी सांगेन. मागच्या वर्षी कुठल्या मळ्याची पत्ती कशी होती तेही सांगेन. आत्ता मात्र मागे काही नव्हतं. फक्त ऊब होती, आणि मघापेक्षा डोकं जागेवर होतं. "लक्षात नाही, मावशी," मी म्हणाले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी उठले आणि जिना चढून वर गेले.

"जुनाच ठेवा," मी धाकट्या मालकांच्या दारातूनच सांगितलं, म्हणजे आत जाऊन बसल्यावर माझा आवाज मऊ व्हायला नको. त्यांनी कारण विचारलं. मी दिलं, जसं सुचलं तसं, ओळीचं, घराचं, अर्ध्या कपाचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मोठ्या मालकांचा नातू तेवढा शोभला. त्यांनी पेन्सिल टेबलावर फिरवली. मग चेहरा उजळला. "ठीक. तुमची जीभ, तुमचा शब्द. मग असं करू बाई, जुन्यावरच सही घालू की तुमची! तुम्ही नाहीतरी इतकी वर्षं तो सांभाळलाच आहे. नवा डबा, तोच चहा, वर तुमची सही."

हे मला सुचलं नव्हतं. मी दाराची कड धरली. सगळंच मिळत होतं, चहाही आणि फळीवरचा डबाही. भावाचं तोंड मला दिसलं. घेऊन टाक, मी स्वतःला म्हटलं, कुणाचं काय जातंय. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "नको. सही वाचली की माणूस चव शोधायला बसतो. शोधायला लागला की संपलं."

"पण बाई, मग तुमचं नाव कुठेच येणार नाही."

"नाही येणार."

फार वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. इतकं वाईट मला माझ्या कामापायी कधी वाटलं नव्हतं. पण बोललेल्यातला एकही शब्द परत घ्यावासा वाटत नव्हता. धाकट्या मालकांनी फोन उचलला, छापखान्याचा नंबर फिरवला आणि माझ्याकडे शेवटचं बघून घेतलं. मी मान हलवली.

"हां, मशीन सुरू करा," ते फोनमध्ये म्हणाले. "नाही, बदल काही नाही. जुनाच डबा, आहे तसाच."